सेक्रेटरींची गोड नोटीस

...नाही, डोक्यावर परिणाम झाला हे मान्य, रिपोर्टच आहे तसा! पण बायकोच्या आधी तो त्या दत्तोबाला कळावा? तुम्हाला सांगतो, डोक्यातला आपलाच वॉचमन आपल्यावर उलटला, करायचं काय!

मी नागोराव. कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी. आणि दत्तोबा म्हणजे ज्याच्या शेतात ही बिल्डिंग उभी राहिली तो. मग त्याची स्कूटर कुठे? माझ्या पार्किंगमध्ये! बावन्न नोटिसा दिल्या हो, "सदर वाहन हे स्मारक नव्हे, हलवता येते" इथपर्यंत गेलो... ढिम्म!

आणि मार्चमध्ये म्हणे मी बोर्डावर लिहिलं, 'म्हणे' अशासाठी की मला काही आठवत नाही, "कोणीही कुठेही गाडी लावावी. माझ्या जागेवर दत्तोबांनी लावावी. सर्वांवर प्रेम आहे." प्रेम! सही-शिक्क्यानिशी!

लोक काय म्हणाले? "सेक्रेटरी सुधारले!" आमची बायको शालू बहिणीला फोनवर, "अगं, आठ दिवस झाले, एकदाही टोमणा नाही!" मी चहात मीठ घालतोय, एकच प्रश्न दहादा विचारतोय, तरी ही खूश!

धावत वर आला तो एकटा दत्तोबा. "वहिनी, ह्ये अक्षर नागोरावाचं हाय, पन मानूस त्यो न्हाय. चला, गाडी काढतो!" हॉस्पिटलच्या वाटेतच मला आकडी आली. गाडी थांबवून त्यानंच धरून ठेवलं.

मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमची रोगप्रतिकारशक्ती जंतू सोडून तुमच्या मेंदूवरच चालून गेली." म्हणजे बघा, आपलाच वॉचमन आपल्यावर उलटला! "अजून आठवडा गेला असता तर..." म्हणाल्या आणि फाइलच मिटली. तेव्हा घाबरलो हो. खरंच घाबरलो.

मणक्यातलं पाणी काढून तपासलं होतंच, मग स्टिरॉइडची सलाइनं लावली... दीड महिन्यानं अक्कल परत आली, टोमण्यांसकट. शालू रडली. का, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन बघतो तर माझ्या जागेवर स्कूटर! त्रेपन्नावी नोटीस घेतली लिहायला, "सदर वाहन..." पेन पुढे जाईना! जीव वाचवणाऱ्याला काय लिहिणार? तेवढ्यात हा दारात. "का हो, लिवत न्हाई? वहिनी, गाडी काढू का?"

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, गोळ्या दिवसातून तीनदा आणि दत्तोबाला नोटीस सकाळी एकदा. तो चष्मा लावून वाचतो, "बरा हाय मानूस" म्हणतो, घडी करून खिशात ठेवतो... आणि स्कूटर? आहे की! माझ्याच जागेवर!