राखीव खेळाडूची बायको

...आन् वर मलाच म्हणत्यात, 'लिडिया, हळू बोल, शेजारी ऐकतील!' ऐकू द्या की! आख्ख्या देवळाली प्रवराला ठाऊक हाय, आमचे हे, नोहा, फुटबॉल खेळाडू हायेत... हुते... जाऊ द्या! तुमाला सांगते, मला बघायला आले तवा माझ्या वडलांनी विचारलं, 'पावनं, काय करता?' हे म्हणले, 'फुटबॉल खेळतो.' वडील म्हणले, 'ते ठीक हाय, पण काम काय करता?' हेच काम हाय म्हणल्यावर वडलांचा चहा बशीतच गार झाला!

पण पगारी खेळाडू हो! दुसऱ्या डिव्हिजनचे, म्हंजे टीव्हीवर दिसत न्हाईत ते. एक साल कोलकाता, दुसऱ्या साली गोवा, मग केरळ... आन् जातील तिथं बाकावर! राखीव! मी फोनवर विचारायचं, 'आज तरी खेळवलं का?' हे म्हणायचे, 'पुढच्या सीझनला बघ, लिडिया!' आता आमच्याकडं सीझन म्हंजे उसाचा. कारखान्याचा भोंगा झाला की सुरू! ह्यांचा भोंगा काय वाजतच न्हाई!

शेवटी ह्यांच्या क्लबची मॅच लागली पुण्यात. आमी क्रूझर गाडी भाड्यानं केली, सासूबाईंनी धपाटी बांधली, चर्चमधली मंडळी घेतली आन् गेलो. बघतो तर काय... हे बाकावर! सासूबाई तिथनंच कोचवर वरडल्या, 'अवो, माझ्या नोहाला निदान उभं तरी करा!' आख्खं स्टेडियम हसलं... स्टेडियम कसलं, निम्मी तर आमचीच मानसं!

मॅच संपत आली आन् डाव्या बाजूचा गडी लंगडायला लागला. कोचनं ह्यांना हाक मारली! आत जाताना ह्यांनी आमच्याकडं बघितलं... हात न्हाई केला, नुसतं बघितलं. लग्नातबी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं हो! चेंडू आला, हे वळले... आन् पडले. कुनी धक्का न्हाई मारला, पाय न्हाई घातला. सासूबाई म्हणत्यात, 'उठ रे नोहा, लोकं बघत्यात!' न्हाई उठले. गुडघा गेला हुता. चेंडूला पाय लागला नव्हता हो... एकदाबी न्हाई!

गाडीत मला म्हणत्यात, 'रडू नको, पुढच्या सीझनला बघ!' ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणले, 'चालाल, पण खेळनं सोडा.' क्लबनं मोबाईलवर आभार मानले आन् मोकळा झाला. तवापासनं 'पुढच्या सीझनला बघ' हे शब्द ह्यांच्या तोंडातनं न्हाई निघाले. आधी लई चीड यायची मला त्याची. आता वाट बघते... अवो, मला चिडायला तरी बोला की!

परवा क्लबातनं फोन आला. ह्यांच्या जागी घेतलेला नवा पोरगा, करण, बोलत हुता. 'दादा, डावीकडनं पळताना वळायचं कसं?' झालं! हे स्वयंपाकघरात उभे राहून, ओटा धरून, त्याला वळून दाखवायला लागले! फोनवर! त्याला काय दिसतंय? पण हसत हुते हो, किती दिवसांनी...

फोन ठेवला. मी विचारलं, 'बरा खेळतो का?'

'लई चांगला.'

'तुमच्यापेक्षा?'

ओट्यावरचा हात काढला. मग म्हणले, 'त्याला खेळवत्यात गं.'

मी ताट घेतलं. म्हणलं, 'बसा, गरम भाकरी वाढते...' आन् जीभ चावली! आख्खी उमर बसून काढलेल्या मानसाला अजून किती येळा बसा म्हणायचं हो?