झकास कालवण

गोराईच्या होडीच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"सेराफिना, खरं सांग. परवाचं चिंबोऱ्यांचं कालवण खारट होतं ना?"

"नाही गं ब्रिजेट, झकास होतं."

"लिम्फोमाची केमो संपून आठ महिने झाले, पण माझ्या जिभेला अजून मीठ कळत नाही. अंदाजाने टाकते."

"अंदाज बरोबर आहे तुझा."

"पंचवीस वर्षं माझ्या प्रत्येक कालवणात खोट काढलीस. आजारी पडले तेव्हापासून सगळंच झकास?"

"माणूस सुधारतो, बाय."

"तू? अगं, रविवारी माझ्या मेलरॉयच्या साखरपुड्याला ऐंशी माणसं जेवणार आहेत. सगळे तुझ्यासारखंच गोड बोलून जातील आणि घरी जाऊन हसतील."

"डॉक्टर म्हणाले, हिला टेन्शन द्यायचं नाही."

"डॉक्टर जेवायला येणार नाहीयेत. बोल."

"खारट होतं. माझा नवरा रात्रभर पाणी पीत होता."

"बघ! आणि बाकी?"

"कांदा कच्चा, रस्सा पाणचट. मसाला तर जळलाच होता."

"तेही केमोमुळेच असेल."

"केमोचं नाव घेऊ नकोस. ते लग्न होऊन आलीस तेव्हापासूनचं आहे."

"रविवारी सकाळी सहाला ये. चुलीपाशी तूच उभी राहा माझ्याबरोबर."