सरोजबाईंची हाक

मंडळी, आजच्या कीर्तनात आरंभालाच एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका. घरात कुणी आजारी असतं. आपण देवाकडे मागतो, उपास धरून मागतो, आणि ते माणूस बरं होत नाही. मग काय समजायचं? देवाला दया नाही? की आपला विश्वास कमी पडला? — शांतवनराव, झांजा जरा खाली ठेवा. हे नीट ऐकायचं आहे.

नेवाशाकडच्या एका गावात शमुवेल हिवाळे नावाचे गृहस्थ. दुधाचा टेंपो चालवायचे. बायको सरोजबाई. लग्नानंतर फार उशिरा मुलगी झाली, अबिगेल. घरात सगळे अबी म्हणायचे. पोर चालायला लागली, 'आई' म्हणायला शिकली, आणि ताप आला. ताप डोक्यात गेला. पोर वाचली, पण कान गेले. आणि कानांमागून हळूहळू तो 'आई' शब्दही गेला.

सरोजबाईंनी काय केलं? गुडघे टेकले. शुक्रवारचा उपास धरला. आणि रोज सकाळी अबी अंगणात खेळायला बसली, की तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि हाक मारायच्या, "अबी." वाटायचं, आज वळेल. पोर कशाला वळते? खेळता खेळता केव्हातरी आपणहून मागे बघायची, आणि तिला काय दिसायचं? आईचा रडवेला चेहरा. रोज. त्या लेकराने काय समजावं, सांगा बरं.

पुढे तालुक्याच्या गावी मोठी सभा भरली, आजारी बरे करण्याची. सरोजबाई अबीला घेऊन मंचावर चढल्या. तिथल्या उपदेशकांनी पोरीच्या कानांवर हात ठेवले, मोठ्याने प्रार्थना केली आणि म्हणाले, "आता मागून हाक मारा."

बाईंनी हाक मारली. अबी आपली मंडपातल्या रंगीत दिव्यांकडे बघतेय. पुन्हा मारली. पोरीची नजर दिव्यांवरच. तेव्हा ते उपदेशक माईकवरून म्हणाले, "बाई, देवाकडे काही कमी नाही. तुमच्या विश्वासात खोट आहे."

एका आईला, मंडळी. सगळ्या लोकांसमोर.

इथे मी जरा थांबतो. प्रभूकडे एकदा असाच एक बहिरा आणला होता, शुभवर्तमानातली गोष्ट, आठवतं? प्रभूने पहिलं काय केलं? त्याला गर्दीतून बाजूला नेलं. तेव्हा माईक नव्हते म्हणून नाही हो! माणसाची लाज राखावी म्हणून. मग त्याच्या कानांत बोटं घातली, जिभेला हात लावला, वर आभाळाकडे पाहिलं आणि उसासा टाकला. का? ज्याला शब्द ऐकू येत नाहीत, त्याच्याशी प्रभू हातांनी बोलला. तुझे कान, तुझी जीभ, सगळं मला ठाऊक आहे — हे आधी सांगितलं. बरं नंतर केलं. म्हणा माझ्याबरोबर —

न मागता जाणे । न बोलता ऐके ।
दीनांचिया दुःखे । कळवळे ॥

तर सरोजबाई घरी आल्या, त्या खचूनच. उपास वाढले, अंग सुकलं. शमुवेलरावांना बघवेना. ते म्हणाले, "नगरला बहिऱ्या मुलांची शाळा आहे. अबीला तिथं ठेवू."

"म्हणजे देवावरचा विश्वास सोडायचा?" बाई म्हणाल्या. "ती बरी होणारच नाही, असं कबूल करायचं?"

"मी देवाला सोडत नाही, सरोज. पोरीला बोलायला कुणीतरी मिळावं, एवढंच बघतोय."

आणि गेले घेऊन. बाई निरोप द्यायला दारापर्यंतही आल्या नाहीत. शमुवेलराव मात्र टेंपो रिकामा झाला की शाळेत जाऊन बसायचे. जाडजूड बोटं त्यांची, पण थोडी हातांची भाषा शिकले.

नाताळच्या सुट्टीत अबी घरी आली. सकाळी अंगणात बसली होती. सवयीने सरोजबाई मागे जाऊन उभ्या राहिल्या, हाक मारली. जरा वेळाने अबी वळली. तोच चेहरा. पण या वेळी पोर उठली, आईचा हात धरून तिला बाजेवर बसवलं आणि समोर उभी राहून हात हलवू लागली.

बाईंना काही कळेना. "अहो, काय म्हणतेय ही?"

शमुवेलरावांनी तिच्या खुणा वाचल्या. मग हळूच म्हणाले, "ती विचारतेय, मी काय चूक केली? माझ्याकडे बघितलं की आई रडते का?"

मंडळी, एवढी वर्षं ते लेकरू हा प्रश्न मनात घेऊन जगत होतं. विचारायला भाषा नव्हती. सरोजबाईंनी तिला पोटाशी धरलं. मग म्हणाल्या, "हिला सांगा, तू काही चुकली नाहीस. नाही, थांबा. तुम्ही नका सांगू. कसं म्हणायचं ते मला दाखवा."

त्यांनी दाखवलं. बाईंच्या खुणा चुकत होत्या. अबी हसली आणि आईची बोटं नीट करून दिली. सुट्टी संपली तेव्हा सरोजबाई स्वतः तिच्याबरोबर नगरला गेल्या. त्या भाषेसाठी.

मी मागे त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. अबी आता मोठी झाली आहे. मी बाईंना विचारलं, "पोरीला ऐकू यावं म्हणून अजून प्रार्थना करता?"

"करते की," त्या म्हणाल्या. "देवाला जमणार नाही असं थोडंच आहे? पण आता आम्ही दोघी मिळून करतो. आणि ही काय मागते माहीत आहे? आजीचे गुडघे बरे व्हावेत म्हणून मागते. कान मागायचे तिच्या लक्षातच राहत नाही."

अबीचे कान अजून मिटलेलेच आहेत. तरी मी तुम्हांला सांगतो, त्या घरात प्रभू येऊन गेला.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यातल्या कुणाच्या घरी खाटेवर कुणी असेल. त्याच्यासाठी मागत राहा, थकू नका. पण मागून झालं की त्याच्याकडे बघताना तुमचा चेहरा कसा असतो, तेही जरा तपासा. त्याला त्यात आपलं दुखणंच दिसतं, की प्रभूची माया दिसते? आणि 'तुझा विश्वास कमी पडला' असं तुमच्यापैकी कुणी कुणाला म्हटलं असेल, तर उद्या उपासना सुटल्यावर घरी जाऊ नका. आधी त्या माणसाच्या दारी जा. उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याला काय विचारायचं आहे ते विचारू द्या.