वामनरावांचं टेबल

तुम्ही म्हणाल, हिचं पतसंस्थेत काय काम? पण शेजारच्या सुधाकरनं तिथं कंत्राटावर कॉम्प्युटर बसवला, व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्रामही त्यानंच लिहिला. मग त्या कॉम्प्युटरच्या पूजेला मी जाणारच! त्याचे वडील वामनराव तिथंच कारकून. व्याजाचा सगळा हिशेब त्यांच्या हातचा. कॉम्प्युटरसाठी केलेल्या एसीच्या खोलीबाहेर सगळ्यांनी देवळाबाहेर काढाव्या तशा चपला काढल्या. वामनराव मात्र दारातच थांबले.

“काकाजी, आत चला नं,” मी म्हटलं.

“माझं टेबल पाहून राहिलो वं.”

त्याच टेबलावर मशीन मांडली होती. सुधाकर खाली मान घालून म्हणाला, “बाबा, उद्यापासून तुम्हाले घरीच आराम. साहेबांनी आताच सांगितलं.”

वामनराव म्हणाले, “मीच साहेबाले म्हटलं होतं, माझ्या पोराले काम द्या. माझंच द्या, असं नव्हतं म्हटलं गा.”