लेंड्या म्हणा, साहेब

वहिनी : वरच्या मजल्यावर बसलेल्यांनी शेण खाल्लं आणि तोंड मी धुवायचं! कुठला न्याय हो हा, भाऊजी?

पेंटर : हळू बोला, वहिनी. खताच्या कोठीला खिडक्या आहेत.

वहिनी : ऐकू दे सगळ्यांना. या प्राणिबागेत इतकी वर्षं जनावरांचं मी वाळवते, कुटते, चाळते, पिंपांत भरते. कधी एका झाडाचं पान तरी करपलं? आणि आता साहेबांच्या दालनापुढचे गुलाब जळाले, तर म्हणे दुपारी सगळ्यांसमोर कबूल करा, माझा हलगर्जीपणा झाला. नाहीतर उद्यापासून घरी बसा.

पेंटर : पण गुलाबांना कोंबड्यांचं जहाल खत तुम्हीच घातलंत ना?

वहिनी : बकऱ्यांचं म्हणून घातलं! आधी बकऱ्यांच्या पिंपावर ‘लेंड्या’ लिहिलेलं होतं. हत्ती-घोड्यांच्या पिंपावर ‘लीद’, गाईम्हशींच्या पिंपावर ‘शेण’, कोंबड्यांच्या पिंपावर ‘शीट’. त्यावर रंग कोणी फासला?

पेंटर : हुकूम होता वरून. शाळेची मुलं येतात, मोठ्यानं वाचतात आणि खिदळत सुटतात. साहेब म्हणाले, सगळ्यांवर एकच काहीतरी सभ्य लिही.

वहिनी : ‘निसर्गदत्त पोषकद्रव्य’. चारही पिंपांवर! वर हिरवं पानसुद्धा काढलंत.

पेंटर : पान हुकमात नव्हतं. ते आपलं हौसेनं काढलं.

वहिनी : रंग वाळवायला पिंपं उन्हात नेलीत, ती परत लावताना सगळ्यांच्या जागा बदलल्यात. तीही हौसच का?

पेंटर : चुकलं, बाई. पण एक सांगा. कोंबड्यांच्या पिंपाचं झाकण उघडलं की चांगला धडधाकट माणूस मागे सरतो. तुम्हाला कसं कळलं नाही?

वहिनी : मला वास येत नाही, भाऊजी.

पेंटर : कसला?

वहिनी : कसलाच. गेल्या वर्षी तो ताप आला होता ना, तेव्हापासून.

पेंटर : आणि इथे सगळे म्हणतात, वहिनींची कमाल आहे, नाकाला कधी फडकं लावत नाहीत! दादाला माहीत आहे हे?

वहिनी : नाही. भाजी करपली की मी म्हणते, ‘आज खमंग झालीय.’ तुमचे दादा मुकाट्यानं खातात.

पेंटर : मीही खाल्लीय की!

वहिनी : मागून घेतली होतीत. हसू नका. नाक गेलेल्या बाईला या कोठीत कोण ठेवील? म्हणून वाचून काम करत होते. ते चार शब्द म्हणजे माझं नाक होतं. त्याच्यावर तुम्ही पान काढलंत.

पेंटर : … ब्रश आहे माझ्याकडे. पण साहेबांनी पाहिलं तर?

वहिनी : लगेच लेंड्या गाळू नका. तुम्ही हुंगा आणि लिहा, मी उभी आहे ना.

पेंटर : हे पहिलं बकऱ्यांचं दिसतंय. यावर नुसतं ‘बकरी’ लिहिलं तर? साहेब पण खूश.

वहिनी : लिहिलं होतं एकदा. चारा घालणाऱ्यानं त्यातलंच काढून बकऱ्यांपुढे वाढलं! आहे तो शब्द लिहायला काय धाड भरलीय? कावळा डोक्यावर शिटला तर साहेब काय ओरडतात? ‘धावा, माझ्यावर निसर्गदत्त पोषकद्रव्य पडलं’?

पेंटर : मला तर परवा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘तुझ्या डोक्यात शेण भरलंय.’

वहिनी : बघा! शिवी द्यायला शेण चालतं. पिंपावर लिहिलं की यांची लाज जाते.

पेंटर : वहिनी… मागे बघा.

(साहेब कोठीच्या दारात. नाकाला रुमाल.)

साहेब : तुमचं दुपारी बघतो. आधी हे. गुलाबाची नवी रोपं आलीत आणि उद्या पाहुणे येणार. घमेलंभर खत द्या. ते… सौम्य असतं ते.

वहिनी : कोणतं, साहेब?

साहेब : पोषकद्रव्य.

वहिनी : चारही पिंपांत तेच आहे. वाचा ना. पानही आहे.

साहेब : अहो, ते गोल गोल असतं ते!

वहिनी : कुटलंय ते. आता कसलं गोल?

साहेब : मग वासावरून ओळखा. त्याचाच तर पगार घेता.

वहिनी : मला वास येत नाही.

साहेब : काय?

वहिनी : वर्ष झालं. पिंपावरचं वाचून काम करते. दुपारी सगळ्यांसमोर हेच सांगेन. हलगर्जीपणा तेवढा माझ्या तोंडून वदवून घेऊ नका.

साहेब : म्हणजे तुम्ही हे लपवून ठेवलंत! मग तुम्हाला इथे ठेवायचं की नाही, याचा विचार करावा लागेल.

वहिनी : करा विचार. तोवर तुमचं नाक तर शाबूत आहे ना? काढा रुमाल आणि ओळखा.

साहेब : त्यात काय एवढं… हं… ख्खॅक! छे, अख्खी कोठीच नाकात बसलीय. ए पेंटर, तू ओळख.

पेंटर : मी? माझ्या डोक्यात काय भरलंय ते तुम्हीच सांगितलंत, साहेब.

साहेब : थट्टा पुरे! रोपं तिकडे उन्हात पडलीत.

वहिनी : मग नाव घ्या की. बकरीचं काय असतं?

साहेब : … लें…

वहिनी : मोठ्यानं. नाहीतर उद्या म्हणाल, हिचे कानही गेले.

साहेब : अहो, बाहेर शाळेची मुलं उभी आहेत!

वहिनी : त्यांना पाठ आहे ते. बोलावू?

पेंटर : कशाला, वहिनी. साहेब, हे पिंप मी मघाशीच हुंगलंय आणि ब्रश ओला आहे. तुम्ही फक्त सांगा, काय लिहू?