मॅनचा रकाना

...नाही, मला एक सांगा, दिवसभर कंपनीत राबून आलेल्या माणसानं स्वतःच्याच घरात चोरासारखं शिरायचं? बूट हातात घेऊन? हॉर्न नाही, बेल नाही, खोकायचंसुद्धा खाली पार्किंगमध्येच उरकून यायचं... आता आपली काही तक्रार नाही, पण विचारतोय!

मी उद्धव. चाकणला कंपनीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून पार्ट काढतात त्या खात्यात, सुपरवायझर, बावीस वर्षं झाली. राहायला थेरगावला, डांगे चौकाच्या अलीकडे. घरात आमची आई आक्काबाई, बायको दिपाली आणि नऊ वर्षांची लेक प्राजक्ता. प्राजू ऑटिस्टिक आहे. आता हे सांगितलं की लोकांचे चेहरे लगेच दहाव्याला आल्यासारखे होतात. अहो, पोरगी मजेत आहे! आईशी बोलते, आजीशी भांडते, गॅलरीतल्या कबुतरांची शाळा घेते. फक्त मी घरात पाऊल टाकलं की कानांवर हात, एक किंचाळी, आणि थेट कपाट नि भिंतीच्या मधल्या फटीत! रोज! साडेतीनला शिफ्ट सुटते, ट्रॅफिकमधून पाचला घरी, पुढचे दोन-तीन तास काय ते लेकीचे, आणि ते मी त्या फटीकडे बघत काढायचे. आपली काही तक्रार नाही, पण बापाला वाटतं हो.

मग संत तुकाराम नगरच्या करिष्मा मॅडमकडे गेलो, थेरपी घेतात त्या. त्या म्हणाल्या, तुमच्या डोक्याच्या गेटवर वॉचमन आहे. पंख्याची टिकटिक, शर्टाचं लेबल, ट्यूबची गुणगुण, फोडणीचा वास, सगळ्यांना तो गेटवरच थांबवतो. प्राजूच्या गेटवर वॉचमन नाही, सगळे एकदम आत घुसतात. हा हट्ट नाही, तिला खरोखर त्रास होतो. कोणी हलकं बोट लावलं तरी नको होतं, पक्का दाब मात्र बरा वाटतो. कशाकशाचा त्रास होतो ते आठवडाभर लिहून ठेवा.

लिहून ठेवा? हे आम्हाला सांगायचं? अहो, कंपनीत कस्टमरची कंप्लेंट आली की आम्ही दुसरं काय करतो! कागदावर माशाचा सांगाडा काढायचा. माशाच्या डोक्यात बिघाड लिहायचा, काट्यांवर चार रकाने... मशीन, मटेरियल, मेथड, मॅन... आणि एकेक कारण शोधून बंद करायचं. त्याच संध्याकाळी ड्रॉइंग पेपर आणला, मासा काढला, फ्रिजवर चिकटवला. डोक्यात लिहिलं, 'प्राजू किंचाळते'. दिपाली म्हणाली, लेक आहे ती तुमची, कंपनीतला रिजेक्ट झालेला पार्ट नव्हे. म्हटलं, तू नुसतं बघ.

मशीनमध्ये निघाले मिक्सर, पंखा, कुकर. पंखा दुरुस्त केला, मिक्सर प्राजू शाळेत असतानाच, आणि कुकर बंद, वरण पातेल्यात. आक्काबाई म्हणाली, "गॅस काय तुझा बाप भरणार हाय?" म्हणजे रागाच्या भरात स्वतःच्याच नवऱ्याला मध्ये घेतलं तिनं. मटेरियलमध्ये फ्रॉकची लेबलं. सगळी कापली, उत्साहात माझ्या शर्टांचीही कापली. मेथडमध्ये आक्काबाईची वेणी घालायची पद्धत, ती ओढते केस असे की डोळे तिरळे व्हावेत. तेही थांबवलं, त्यावर दोन दिवस अबोला. आपली काही तक्रार नाही.

मॅनचा रकाना मात्र कोरा. का? सवय हो! कंपनीत तिथं कोणाचं नाव लिहायचंच नसतं. 'ऑपरेटरची चूक' लिहिलं की कस्टमरचा माणूस कागद तोंडावर मारतो, म्हणतो माणसावर ढकलू नका, खरं कारण आणा. बावीस वर्षांत माझा हात त्या रकान्यात गेलेला नाही.

आठ दिवसांनी दिपाली म्हणाली, दिवसभर एकदाही किंचाळली नाही. मी खूश! पाचला आलो. खाली दोनदा हॉर्न, पप्पा आले हे कळायला नको? मग बेल, बूट कोपऱ्यात धाडकन, डबा ओट्यावर ठण्णकन, अंगाला ऑइलचा वास, आणि "कुठाय माझी परीऽऽ" करत गालगुच्चा... किंचाळी! फट! म्हटलं बघा, अजून एखादं कारण राहिलंय कुठंतरी.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर मॅनच्या रकान्यात हिरव्या स्केचपेननं, प्राजूच्या सुवाच्य अक्षरात, 'पप्पा'. आणि खाली ओळीनं... हॉर्न, बेल, डबा, वास, आवाज, गाल. सहा मुद्दे! आमच्या इंजिनिअरांना दोन सुचत नाहीत!

राग आला का? आला. मग त्या फ्रिजसमोरच रडू आलं, खोटं कशाला बोलू. मी आल्याचा आनंद म्हणून जे जे करत होतो, ते ते तिला लागत होतं. दिपाली म्हणाली, आवाजाचं मी लग्नापासून सांगतेय. पण करणार काय? प्रेस शॉपमध्ये शेजारच्याला 'चहा झाला का' विचारायचं तरी ओरडावं लागतं, घसा तिथंच सेट झाला. आणि कान... कंपनीत दरवर्षी तपासतात, यंदा डॉक्टरनं काहीतरी विचारलं, मी म्हटलं "काय?" त्यानं पुढं तपासलंच नाही, 'कमी ऐकू येतं' असं लिहून टाकलं.

मग झाली सुधारणा सुरू. गाडी कोपऱ्यापासून ढकलत आणायची. बूट जिन्यातच काढून हातात. आधी आंघोळ. मग सतरंजीवर, फटीकडे पाठ करून, गप्प बसायचं. परी नाही, गालगुच्चा नाही. पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्यात फटीबाहेर एक पाय दिसला, असं दिपालीनं खुणेनं सांगितलं. मी हललो नाही.

आणि गेल्या गुरुवारी... तुम्हाला सांगतो... ती आली. माझ्या पाठीला पाठ लावून बसली, सगळा भार टाकून, पक्का दाब! माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर डास बसला, मी हललो नाही. आणि ती बोलायला लागली. माझ्याशी! नऊ वर्षांत पहिल्यांदा! तिच्या कानांना सोसेल अशा अगदी बारीक आवाजात, चांगली दहा मिनिटं. मध्ये हसली असावी, पाठ हलली तिची.

आणि मला... या कानांनी... एक अक्षर ऐकू आलं नाही हो! आता तिला 'काय? मोठ्यानं बोल' म्हणू? कोणत्या तोंडानं म्हणू? बसलो मान डोलवत. नंतर दिपालीनं विचारलं, एवढं काय सांगत होती? म्हटलं, बाप-लेकीचं असतं काहीतरी, सगळंच तुला सांगायचं नसतं.