चहाघराच्या भिंतीवरची आई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्याच्या शेजारी बसलेली माझी भावजय, आणि आपापली दुकानं लवकर बंद करून इथे आलेले तुम्ही सगळे, तुम्हाला माझा नमस्कार.

मी भाषण करणारी बाई नाही. मी पडदे शिवते. समुद्रासमोरच्या नव्या चहाघरातले निळे पडदे तुम्ही पाहिले असतील, ते माझ्या मशीनवरचे. घरातलं कुणीतरी बोलायला हवं म्हणून भावानं मला उभं केलं. "ताई, थोडक्यात बोल आणि चांगलं बोल," असं बजावलंय. थोडक्यात बोलेन, एवढं मी कबूल करते.

तर आधी चांगलं. चहाघर देखणं आहे, त्यात वाद नाही. पांढऱ्या भिंती, वेताच्या खुर्च्या, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की लाट टेबलावर येते की काय असं वाटावं. भावजय गल्ल्यावर, भाची टेबलांवर, आणि भाऊ एकाच वेळी सगळीकडे. आत शिरलं की भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'बसणार की निघणार?' याचा अर्थ काय, असं मला बरेच जण विचारतात. सांगते.

आमची आई बोटीच्या धक्क्यावर चहा विकायची. कपात ओतण्याआधी प्रत्येकाला ती हेच विचारायची. बसणाऱ्याला स्टोव्हवरून थेट वाफाळता. निघणाऱ्याचा चहा मात्र ती दोन भांड्यांत वरखाली करून निववायची, म्हणजे भोंगा व्हायच्या आत त्याचा घोट घोट पिऊन व्हावा. आईचा चहा अर्धा टाकून बोटीकडे पळालेला माणूस मी लहानपणी कधी पाहिला नाही. एवढीच तिची कला, आणि त्यावर आम्ही दोघं मोठी झालो.

चहाघर उघडलं त्या आठवड्यात मी आईला तिथे घेऊन गेले. ती माझ्याकडे राहते. सकाळपासून नटून बसली होती. पिशवीत पाहते तर तिची जुनी गाळणी.

"ही कशाला गं?"

"पोरगा म्हणेल, आई, एक आधण तू ठेव. नाही म्हणाला तर राहील पिशवीत. तिला काय खायला घालावं लागतंय?"

दार उघडलं आणि समोर आई. भिंतीवर. भला मोठा फोटो, चंदेरी चौकट, वर दिवा, खाली ताजी फुलं. आईनं मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरी दिसतेय की."

आम्ही बसलो. कुणी काही विचारलं नाही. भाचीनं आजीला मिठी मारली आणि कप ठेवला, ओठ पोळतील असा. आई तो निवायची वाट बघत राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाई फोटोकडे बघून तिलाच म्हणाल्या, "मालकांच्या आई वाटतं. काय करारी चेहरा आहे. कधी गेल्या हो?"

आईनं चमचा खाली ठेवला. "झाले बरेच दिवस," म्हणाली. आणि मग त्यांना विचारलं, "चहा कसाय?"

मी तडक भावाला गाठलं. "अरे, ती फुलं काढ. जिवंत आहे ती."

"ताई, लोकांना आवडतं ते. एक वातावरण तयार होतं. आईला काही वाटायचं नाही."

"मग निदान एक आधण ठेवू दे तिला."

"आत नको गं. गर्दी बघतेस ना."

मग तो स्वतः आईच्या टेबलाशी आला, वाकला, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आई, अजून बसणार आहेस का? बाहेर लोक थांबलेत." भिंतीवरचा प्रश्न त्या दिवशी तिथे एवढ्या एकाच माणसाला विचारला गेला.

"निघतेच आहे," आई म्हणाली. कप तसाच भरलेला. चहा टाकून उठणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, ते हे.

हे सगळं मी गिळलं होतं. पण मघाशी सूत्रसंचालकांनी मानचिन्हावरचा मजकूर वाचला, 'दिवंगत मातोश्रींचा वारसा पुढे नेल्याबद्दल'. त्यांचा दोष नाही. मजकूर आमच्याच घरून गेला होता, असं त्यांनी मला आत्ता सांगितलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, राखाडी स्वेटर घातलेल्या एका म्हातारीनंही वाजवल्या. ती आमची आई. पोराचं कौतुक होतंय म्हणून तिनं स्वतःच्या मरणाला टाळ्या वाजवल्या. याला वारसा म्हणतात का, अध्यक्ष महोदय? मला खरंच माहीत नाही, मी फक्त पडदे शिवते.

तुम्ही माना वळवू नका, ती लाजते. धाकट्या, तू मात्र बघ. बूट नंतर न्याहाळ. ते मानचिन्ह हातात घेण्याआधी खाली उतर, तिच्यापाशी जा आणि नीट विचार, बसणार की निघणार. तिनं पिशवी उचलली आहे. गाळणी त्यातच असते, अजून.

मंडळानं मला बोलू दिलं, मधे कुणी माईक बंद केला नाही, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आमच्या घरी ते काम आजवर एकटी आईच करत आली, आणि ती आता दाराशी पोचली आहे.